दोन वाजून अकरा मिनिटं

पहिली मिरची देठासकट बाहेर आली तेव्हा मी घाबरले नाही. शंभरात एखादी सुटते, तसं मीच अहवालात लिहून ठेवलं आहे. मग दुसरी आली. तिसरी आली. त्यानंतर माझं यंत्र कुठेही न अडखळता, अगदी खुशीत, सगळ्याच्या सगळ्या मिरच्या देठांसकट घमेल्यात टाकत सुटलं आणि देठांसाठी ठेवलेला डबा रिकामाच राहिला. समोर पहिल्या रांगेत ट्रस्टची तीन माणसं बसली होती, त्यांच्यामागे तीस-चाळीस पाहुणे, दोन वार्ताहर, अळणावरकडून आलेल्या संघाच्या बायका आणि भिंतीला लागून माझे आई-अप्पा. कुणीतरी टाळ्याही वाजवायला लागलं होतं, कारण यंत्र सुरू झालं होतं आणि त्यातून देठ निघायला हवेत हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. दोन वाजून तेरा मिनिटं झाली होती. मुहूर्त दोन अकराचा होता.

हा मुहूर्त मी काढलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी काढला असता तर तो सकाळी दहाचा असता, लोकांची पोटं भरलेली असती आणि त्याआधी मी निदान किलोभर मिरची यंत्रातून काढून बघितली असती. सप्तमीच्या संध्याकाळी मी अख्खं पोतं काढलं होतं. एकूण एक देठ निघाला होता. पण काल खंडेनवमी. हुबळीत त्या दिवशी लेथपासून लॅपटॉपपर्यंत झाडून सगळ्याची पूजा होते आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत हत्याराला काम सांगायचं नाही. आमचं केंद्र गोकुळ रोडवर, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये आहे. दारावरच्या पाटीत नावीन्य हा शब्द दोनदा येतो आणि मी त्या नावीन्याची प्रमुख. माझ्या देखत आमच्या शिपायानं, विठ्ठलनं, यंत्राची वायर काढली, गुंडाळली, तिच्यावर फूल ठेवलं. ‘सकाळी एकदाच चालवून बघू रे,’ मी म्हटलं, तर त्यानं जीभ चावली. केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टचे सचिव वेंकटेश सर फोनवर हसून म्हणाले, ‘मॅडम, एका रात्रीत काय होतंय? झोपलेलं यंत्र कधी बिघडतं का?’ हे वाक्य मला अजिबात पटलं नाही, आणि मी फोन ठेवून दिला.

‘एनायतरी, मॅडम?’ आता वेंकटेश सरांनी खुर्चीतूनच कानडीत विचारलं. काय झालं, मॅडम? काय झालं ते कळलं असतं तर मी नव्या साडीनिशी गुडघ्यांवर बसले असते का? ही साडीही माझी निवड नाही. दसरा आहे, फोटो निघणार, म्हणून आईनं सुभाष रोडवरून आणलेली, कडक, प्रत्येक हालचालीला आवाज करणारी. मी यंत्र थांबवलं आणि बाजूचा पत्रा काढून पट्टा चाचपला. पट्टा ठीक होता. रूळ फिरत होते. माझं यंत्र काय करतं ते सांगायला एक वाक्य पुरतं: मिरच्या एकेक करून पट्ट्यावरून येतात, झाकणाखालचा कॅमेरा देठ कुठल्या टोकाला आहे ते बघतो आणि रबराचे दोन रूळ तो देठ चिमटीत धरून उपटतात. पण ब्याडगी मिरची सुरकुतलेली, वाकडी, कशीही वळलेली. जरा जोर झाला की तिचं डोकं फाटतं, बिया सांडतात आणि माल हलका ठरतो. ते एक वाक्य खरं करायला मला सहा वर्षं लागली. या सहा वर्षांत आईनं मला सतरा स्थळं सांगितली. त्यांतल्या एकानं विचारलं होतं की लग्नानंतर मी मिरच्या सोडणार का.

पहिल्या रांगेतून कुजबूज वाढत होती आणि मला ठाऊक होतं ती कशाची. आज फक्त यंत्र दाखवायचं नव्हतं. अशी आठ यंत्रं तयार आहेत, आणि ती कुणाकडे जायची ते आज ट्रस्ट ठरवणार होता. माझं म्हणणं, ती अळणावरजवळच्या गोदाक्काच्या संघाकडे जावीत. संघात एकोणीस बायका आहेत. उभा जन्म त्यांनी हातानं देठ मोडण्यात घालवला आहे, यंत्रं त्यांच्या अंगणात बसावीत आणि त्यांनीच चालवावीत. अध्यक्षांचं म्हणणं, बायकांना यंत्र झेपत नाही. ती विमानतळाच्या बाजूला एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये ठेवू, शिकलेले ऑपरेटर नेमू, बायका तिथं मिरच्या ओतायला येतील. हा वाद वर्षभर चालला. मी यंत्राची बटणं काढून एकच दांडा ठेवला, सूचना चित्रांत काढून घेतल्या, गोदाक्काला चार वेळा इथं बोलावून तिच्याकडून यंत्र चालवून घेतलं. माझ्या खालच्या दोन इंजिनिअरांपेक्षा ती ते बरं चालवते, हे मी बैठकीत बोलून दाखवलं तर सगळ्यांना तो विनोद वाटला.

कमरीपेठेत अप्पांचं मिरची-मसाल्याचं दुकान आहे. पणजोबा तासगावाकडून हळद घेऊन आले आणि मिरचीत रमले. दुकानाच्या मागे फरशीचं अंगण, त्यात हंगामात मिरच्यांचा ढीग, आणि ढिगाभोवती बायका. अळणावरच्या बाजूनं सकाळच्या गाडीनं यायच्या, तोंडाला पदर बांधून दिवसभर देठ मोडायच्या. गोदाक्का त्यांच्यातली सगळ्यात भरभर मोडणारी. संध्याकाळी तिच्या बोटांची आग व्हायची तेव्हा आई तिला वाटीभर ताक द्यायची आणि ती त्यात हात बुडवून बसून राहायची. मी सहा-सात वर्षांची होते. मी तिच्यासमोर बसून विचारायची, गोदाक्का, एका मिरचीला किती वेळ लागतो? दोन्ही हातांनी दोन मोडता येत नाहीत का? देठ आपोआप का गळत नाही? आंबा तर गळतो. ती म्हणायची, ‘योगव्वा, तुझ्या तोंडाला देठ असता तर पयला त्योच मोडला असता.’ बायका हसायच्या आणि आई मला आत बोलवायची. माझ्या प्रश्नांना आमच्या घरात उत्तर नव्हतं, पण त्यांना वेळ मात्र ठरवून दिलेली होती, ती म्हणजे नंतर.

नऊ वर्षांची असताना मी मसाल्याच्या गिरणीचा पट्टा कसा फिरतो ते बघायला अनामिका पुढे केली. सात टाके पडले. त्या बोटाच्या टोकाला अजून एक तिरकी खाच आहे. अप्पांनी मला गिरणीत जायची बंदी केली. वर्षातून एकच दिवस सूट, खंडेनवमीचा. त्या दिवशी गिरणी बंद, पट्टा उतरवलेला, आणि सगळ्या हत्यारांना कुंकू लावायचं काम माझ्याकडे, कारण घरात मीच एकटी मुलगी. तराजूचं पारडं, वजनं, मापटं, गिरणीचं तोंड. ‘मधोमध लाव,’ अप्पा म्हणायचे, ‘कपाळाला लावतात तसं.’ मी ताटात बोट बुडवून मधोमध लावत जायची आणि तेवढ्यात गिरणीचं तोंड आतून कसं आहे ते बघून घ्यायची. पूजा झाली की आई कामाच्या बायकांना ओळीनं हळदीकुंकू लावायची. मी तेरा वर्षांची असताना गोदाक्काचा नवरा वारला. त्या वर्षी आई ओळीत तिच्यापाशी आली, थबकली आणि तिला वगळून पुढच्या बाईकडे सरकली. गोदाक्कानं मान खाली घालून पानसुपारी तेवढी घेतली. मी आईला विचारलं, का? आई म्हणाली, नंतर सांगते.

पहिलं यंत्र मी बाराव्या वर्षी केलं, शिवणयंत्राच्या पायडलला सायकलच्या ब्रेकचे दोन रबर लावून. त्यानं देठ निघायचा आणि मिरचीही निघायची, म्हणजे दोन तुकडे होऊन. अप्पांनी ते येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवलं आणि कॉलेजची वेळ आली तेव्हा मला बी.कॉम.चा फॉर्म आणून दिला. पुढचं सगळं भांडणानं झालं: हुबळीतलं इंजिनिअरिंग, बंगळूरची नोकरी, जिथं मी चार वर्षं बाटल्यांची झाकणं सरळ बसली आहेत का हे ओळखणारे कॅमेरे जुळवत होते, आणि मग ती सोडून परत येणं, ज्याबद्दल अप्पा आजही नातेवाइकांना काहीबाही कारणं सांगतात. आता ते भिंतीला लागून ताठ उभे होते, नव्या धोतरात. नवं यंत्र, मुलगी प्रमुख, पहिल्या रांगेत शहरातली मोठी माणसं. त्यांच्याकडे बघायचं मी टाळत होते.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली, जी मी कुठल्याच व्यासपीठावर सांगत नाही. मला नेहमी विचारतात, प्रेरणा कुठून मिळाली? पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी गोदाक्काचं नाव घेतलं होतं. वार्ताहरानं लिहून घेतलं, पण छापून आलं ते ‘आईचे भाजलेले हात पाहून’. मी फोन करून चूक सांगितली. तो म्हणाला, मॅडम, असं वाचायला चांगलं वाटतं. पुढच्या वेळी मी भांडले नाही. त्याच्या पुढच्या वेळी मी स्वतःच आईचे हात म्हणाले, कारण सभा संपत आली होती, लोकांना घरी जायचं होतं आणि आईचे हात म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. माझ्या आईनं आयुष्यात मिरचीचा देठ मोडलेला नाही. ती एका सभेला हजर होती. घरी आल्यावर स्वतःचे हात उलटसुलट करून बघत बसली. आणि खरं तर मला कुणाचे हात बघून दयाबिया आलेली नव्हती. मला वैताग आला होता. इतकी हुशार बाई दिवसभर एकच गोष्ट करत बसते आणि कुणाला त्यात काही खटकत नाही, याचा वैताग. तो अजून गेलेला नाही. पण वैतागाला कुणी शाल-श्रीफळ देत नाही.

शेवटी मी वरचं झाकण उघडलं. कॅमेऱ्यापुढच्या गोल काचेवर, बरोबर मधोमध, कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. ओलं कुंकू, वाळून घट्ट बसलेलं. तांबड्या मिरचीवरचा मातकट-हिरवा देठ ओळखायचा, एवढंच त्या कॅमेऱ्याचं काम. कुंकवाआडून त्याला सगळंच तांबडं दिसत होतं, देठसुद्धा, म्हणून त्यानं बिचाऱ्यानं एकाही देठाला हात लावला नव्हता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षं! यंत्रात धूळ जाऊ नये म्हणून मी झाकणाला रबर लावलं, तिखट उडू नये म्हणून पंखा लावला, उंदीर वायर कुरतडतील म्हणून नळी घातली, वीज कमीजास्त झाली तर काय याचा विचार केला, आणि या गावात माणसं यंत्राच्या डोळ्यात कुंकू घालतील हा विचार केला नाही. आधी मला आई आठवली. मग विठ्ठल, ज्यानं मागच्या वर्षी छपाईच्या यंत्रावर नारळ फोडला होता. मग हे अख्खं शहर, यातली रिक्षांना बांधलेली केळीची रोपं, संगणकावर ओढलेले भस्माचे पट्टे, दारात फोडलेले कोहळे आणि त्यावरून घसरणारी माणसं. मी उभी राहिले आणि ओरडले. चांगलं मोठ्यानं ओरडले, मराठीत आणि मग कानडीत, म्हणजे कुणी समजलं नाही असं व्हायला नको. ‘काचेवर कुंकू कुणी लावलं? कुणाची अक्कल ही?’

 वेंकटेश सर उठून यंत्रापाशी आले, वाकून बघितलं आणि त्यांच्या तोंडावर जे पसरलं ते समाधान होतं. यंत्रात दोष नव्हता. ‘कुंकुम!’ त्यांनी मागे वळून अध्यक्षांना सांगितलं, आणि मग त्यांची नजर, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांची, संघाच्या बायकांकडे गेली. कुणी बोट दाखवलं नाही. तशी गरजच पडली नाही. काल पूजेला त्यांच्यातली एकच आलेली होती.

गोदाक्का उठली. साठीची, उंच, हिरव्या इरकल लुगड्यातली. ‘मी लावलं असंल, साहेब,’ ती म्हणाली. ‘कालच्याला मीच होतो की हितं. आमास्नी काय कळतंय त्यातलं.’

‘बघा,’ अध्यक्ष म्हणाले. ऐंशीचे आहेत, हळू बोलतात, रागावत नाहीत, आणि म्हणून त्यांच्याशी भांडता येत नाही. कानडीत म्हणाले, ‘बाईंची चूक नाही. भक्तीनं केलं. यंत्र उत्तम आहे, मॅडमचं कौतुकच आहे. पण काचेला कुंकू लावणाऱ्या हातात यंत्र कसं द्यायचं, ते तुम्हीच सांगा. शेडमध्येच ठेवू या.’ आणि सगळ्यांना हायसं वाटलं. ते मला दिसलं. यंत्र सुटलं, मी सुटले, ट्रस्ट सुटला, वार्ताहरांना पेढे खाता येणार होते. विठ्ठल फडकं घेऊन पुढे आलासुद्धा. मलाही क्षणभर हलकं वाटलं, हे मी नाकारत नाही. मी गोदाक्काकडे बघितलं, ते रागानंच बघितलं, की बाई गं, चार वेळा तुला शिकवलं, काच म्हणजे डोळा, हजारदा सांगितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचं कपाळ मोकळं होतं.

अठरा वर्षं मोकळं आहे. या अठरा वर्षांत तिनं ताटातल्या कुंकवाला बोट लावलेलं मी बघितलेलं नाही. भाचीच्या लग्नात ती मांडवाबाहेर जेवली होती. ती यंत्राला कुंकू लावेल? मग कालचा दिवस माझ्यासमोर उभा राहिला, सावकाश, एकेक तुकडा. फोन माझ्या कानाखांद्यात दाबलेला. फोनवर वेंकटेश सर खुर्च्यांबद्दल बोलत होते, अध्यक्षांच्या पाठीवर ऊन येता कामा नये. यंत्राचं झाकण उघडं, कारण गोदाक्काला आतून यंत्र बघायचं होतं. तिच्या हातात ताट. मी फोनवर हात ठेवून म्हटलं, ‘लाव की, गोदाक्का, तुझंच यंत्र आहे.’ ती मागे सरली. ‘मी न्हवं, बाई. तू लाव.’ तिनं ताट पुढे केलं. सर म्हणत होते, का मॅडम, खुर्च्या पूर्वेला केल्या तर? मी वैतागून बोट बुडवलं, समोर गोल काहीतरी होतं, मधोमध लावलं. कपाळाला लावतात तसं. गोदाक्कानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मी तिला हातानं थांब म्हणून खूण केली आणि झाकण लावून, पूर्वेकडे ऊन कधी येतं ते बघायला बाहेर गेले.

 तिला ठाऊक होतं. तिनं समोर उभं राहून बघितलं होतं, आणि आता एवढ्या लोकांत ती ते स्वतःवर घेऊन उभी होती, वर्षभर जे मिळावं म्हणून आम्ही दोघी भांडलो तेच हातातून सोडत. मला तिचा भयंकर राग आला. कुणी सांगितलं होतं? मी तिला बातम्यांतून काढून टाकलं, तिच्या हातांच्या जागी दुसरे हात बसवले, आणि आता ही बाई आपण होऊन माझ्या चुकीखाली आपलं नाव लिहून देत होती. गप्प राहिलं की झालं. मला गप्प राहायचं होतं. आठ यंत्रं, माझं नाव, अप्पांचं नवं धोतर. विठ्ठलचं फडकं काचेपासून वीतभर अंतरावर होतं.

‘पुसू नकोस,’ मी म्हटलं. ‘ते मी लावलंय.’

कुणीही विश्वास ठेवला नाही. ही एक गोष्ट मी हिशेबात धरलेली नव्हती. वेंकटेश सर हसले. ‘मॅडम, तुमचं मन मोठं आहे.’ मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वार्ताहर लिहू लागला, आणि तो काय लिहीत असेल ते मला अक्षरशः दिसलं. गोदाक्का ओठांतल्या ओठांत पुटपुटली, ‘गप की गं.’ मी म्हटलं, अहो, खरंच मी लावलंय, फोनवर बोलता बोलता. अध्यक्ष समजुतीनं मान हलवत राहिले. लहानपणी मी खरं विचारलं तर नंतर म्हणायचे. आता खरं सांगितलं तर टाळ्या वाजवतात. मी भिंतीपाशी जाऊन आईच्या हातातून कुंकवाचा करंडा घेतला, मुहूर्ताला तिनं तो आणलेलाच होता, टेबलावरच्या पेल्यातलं पाणी त्यात ओतलं, अनामिका बुडवली आणि काचेवर, आधीच्या बोटाशेजारी, दुसरं बोट उमटवलं. ‘या,’ मी म्हटलं. ‘बघा.’

ट्रस्टचे तिघेही आले. अध्यक्षांना चष्मा बदलावा लागला. काचेवर दोन बोटं होती, एक वाळलेलं, एक ओलं, आणि दोन्हींत तीच तिरकी खाच होती, कुंकू न लागलेली, पांढरी. मी बोट वर धरून उभी राहिले. तेवढ्यात भिंतीकडून आईचा आवाज आला, स्पष्ट, जरासा अभिमानाचाच: ‘तिचंच आहे. गिरणीच्या पट्ट्यात घातलेलं. सात टाके पडले होते.’ अप्पांनी डोळे मिटून घेतले.

‘तुम्ही म्हणालात, काचेला कुंकू लावणाऱ्या हातात यंत्र द्यायचं नाही,’ मी अध्यक्षांना म्हटलं.  ‘तो हात हा आहे. यांच्यापैकी कुणाचाच नाही.’

 मग गोदाक्का पुढे आली, कुणाला न विचारता तिनं पदराचं टोक ओलं केलं, काच पुसली, तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसली, झाकण लावलं आणि दांडा ओढला. मूठभर मिरच्या तिनं ओतल्या. देठ डब्यात पडायला लागले. तो आवाज फार बारीक असतो, खुर्च्यांपर्यंत जात नाही, पण तिघंही तिथंच उभे होते. तिनं घमेल्यातली एक मिरची उचलून तिचं डोकं अध्यक्षांना दाखवलं, अखंड, बी न सांडलेलं. ‘हौदल्ल?’ तिनं विचारलं. खरं ना?

‘हौद,’ अध्यक्ष म्हणाले.

यंत्रं संघाला द्यायचं ठरलं. त्याच बैठकीत, पेढे खाता खाता, असंही ठरलं की केंद्राच्या कामावर नजर ठेवायला एक अनुभवी गृहस्थ सल्लागार नेमावेत, मॅडमवर कामाचा ताण फार आहे. ते गृहस्थ म्हणजे वेंकटेश सरांचे मेहुणे निघाले, सोमवारपासून येणार. माझ्या खोलीतच त्यांचं टेबल पडणार. मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड कुठं होतं? वार्ताहरानं जाताना विचारलं, मॅडम, प्रेरणेबद्दल दोन शब्द. मी म्हटलं, गोदावरी. आडनाव तिला विचारा, ती समोर उभी आहे, आणि आईचे हात असं छापलंत तर मी तुमच्या कचेरीत येऊन बसेन. तो माझ्याकडे चमत्कारिक बघत तिच्याकडे गेला. आई ते ऐकत होती. तिनं आपले हात पदराखाली घेतले.

पाहुणे पांगले तेव्हा पावणेचार वाजले होते. बायकांना गाडी गाठायची होती. गोदाक्कानं पिशवीतून बन्नीची पानं काढली, दसऱ्याचं सोनं, आणि माझ्या हातावर ठेवली. ‘बन्नी घे, सोन्यासारखी ऱ्हा.’ मी वाकून नमस्कार केला आणि उठता उठता तिच्यावर घसरलेच. ‘काल का नाही सांगितलंस? आणि आज कशाला घेतलंस अंगावर? तुला काही कळतं का?’

‘सांगत होतो की. तू हात केलीस, थांब म्हणून,’ ती म्हणाली. ‘आन तू यंत्र केलेली बाई. मला वाटलं, आसतंय काय तरी तुमचं शास्त्र.’

‘डोळ्यात कुंकू घालायचं शास्त्र?’

‘त्येच तर. डोळ्यात कोण कुंकू घालतंय, योगव्वा?’ ती हसत नव्हती. तिनं यंत्राकडे एकदा बघितलं, आणि मग माझ्या आईकडे, सरळ. ‘पुढच्या वर्षापास्नं आमच्या यंत्रास्नी कुंकू मी लावणार. मला ठाव हाय कुटं लावायचं ते. हिला लांब ठेवा.’

मला वाटलं, आई आता काहीतरी म्हणेल. अठरा वर्षं जे नंतर सांगते म्हणाली होती तेच म्हणेल. आईनं मी ओला करून ठेवलेला करंडा टेबलावरून उचलला, त्याच्या कडा पदरानं पुसल्या, झाकण घट्ट बसवलं आणि तो गोदाक्काच्या पिशवीत ठेवला.